विषवेलीची पहिली नोंद ठेवणारा कप्तान

अमेरिकेच्या पूर्व भागात रानात, रस्त्याच्या कडेला, घरामागच्या कुंपणावर एक वेल सर्रास दिसते. बेलासारखी तीन-तीन पाने, वसंतात तांबूस, उन्हाळ्यात हिरवीगार आणि शरद ऋतूत लालभडक. दिसायला देखणी, पण हात लागला तर एक-दोन दिवसांत कातडी लाल होते, भयंकर खाज सुटते आणि पाण्याचे फोड येतात. तिचे नाव पॉयझन आयव्ही. उन्हाळ्यात मुलांकडे न्यू जर्सीला किंवा व्हर्जिनियाला राहायला गेलेले आपल्याकडचे आई-वडील घरामागची बाग साफ करायला उघड्या हातांनी बसतात, तेव्हा याच वेलीशी त्यांची पहिली ओळख होते आणि ती चांगलीच लक्षात राहते.

या वेलीचे इंग्रजीत छापलेले सर्वांत जुने वर्णन म्हणून १६२४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जाडजूड ग्रंथाचा उल्लेख केला जातो. ग्रंथ व्हर्जिनिया, न्यू इंग्लंड आणि बर्म्युडा येथील वसाहतींच्या इतिहासाचा. लेखक ना वैद्य, ना वनस्पतीचा अभ्यासक. तो होता शिपाई, दर्यावर्दी, नकाशे काढणारा आणि स्वतःविषयी भरभरून लिहिणारा कॅप्टन जॉन स्मिथ. पोकाहोंटासच्या गोष्टीमुळे त्याचे नाव जगभर ठाऊक आहे. पण त्याचे आयुष्य आरोग्याच्या अंगाने पाहिले तर वेगळेच काही हाती लागते. जखम, विष, भूक, खारे पाणी आणि भाजणे या सगळ्यांतून हा माणूस गेला आणि त्यातले बरेच काही त्याने लिहून ठेवले.

शेतकऱ्याचा मुलगा, तुर्कांचा गुलाम

स्मिथचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातल्या विलोबी गावचा. जानेवारी १५८० मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. वडील शेतकरी. मुलाने व्यापार शिकावा म्हणून त्याला किंग्ज लिन या बंदरात एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले होते. १५९६ मध्ये वडील वारले आणि सोळा वर्षांच्या जॉनने वह्या-तराजू सोडून लढाईची वाट धरली. आधी तो नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध लढला. मग भूमध्य समुद्रात भटकला आणि पुढे ऑस्ट्रियाच्या बाजूने तुर्कांशी लढायला हंगेरी व ट्रान्सिल्व्हेनियात गेला.

तिथे तीन तुर्की योद्ध्यांना एकेकट्याने द्वंद्वात मारल्याचे तो सांगतो. पुढे १६०२ मध्ये एका लढाईत जखमी होऊन तो प्रेतांच्या राशीत पडला, शत्रूच्या हाती लागला आणि गुलामांच्या बाजारात विकला गेला. तिथून कॉन्स्टँटिनोपल, मग काळ्या समुद्रापलीकडचा मुलूख. मालकाला ठार करून त्याचेच कपडे चढवून तो पळाला आणि रशिया, पोलंडमार्गे युरोपात परतला. ही सारी हकिकत मुख्यतः त्याच्याच लेखणीतून आलेली आहे. त्यामुळे इतिहासकार ती मिठाच्या चिमटीसह वाचतात. तरीही त्यातली गावे, माणसे आणि लढाया यांचे बरेच तपशील जुळतात, असेही काही अभ्यासकांनी दाखवले आहे.

इंग्लंडमध्ये परतला तेव्हा तो पंचविशीचा होता. अंगावर जखमांच्या खुणा होत्या आणि डोक्यात नव्या मुलखाचे वेड होते.

जेम्सटाउनचे पाणी

डिसेंबर १६०६ मध्ये सुसान कॉन्स्टंट, गॉडस्पीड आणि डिस्कव्हरी ही तीन जहाजे व्हर्जिनियाकडे निघाली. त्यांत स्मिथ होता. वाटेतच बंडाचा आरोप ठेवून त्याला कैदेत टाकले गेले. किनाऱ्याला लागल्यावर लंडनहून दिलेली सीलबंद पेटी उघडली, तर वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळात स्मिथचेही नाव! मे १६०७ मध्ये जेम्स नदीच्या काठी १०४ पुरुष आणि मुलांनी जेम्सटाउन वसवले.

जागा लढाईच्या दृष्टीने बरी होती, आरोग्याच्या दृष्टीने वाईट. भोवती दलदल, डास आणि भरती-ओहोटीचे पाणी. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की समुद्राचे खारे पाणी आत शिरायचे आणि वसाहतीची घाणही तिथेच रेंगाळायची. लोक तेच पाणी प्यायचे. हगवण, ताप आणि अंगावर सूज यांनी माणसे भराभर मरू लागली. सप्टेंबरपर्यंत निम्म्याच्या आसपास लोक गेले होते. आमांश, विषमज्वर आणि मीठ जास्त असलेले पाणी हे यामागचे कारण असावे, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. त्या काळी जंतू ही कल्पनाच नव्हती. दोष हवेला, नशिबाला आणि एकमेकांना दिला जात होता.

स्मिथही आजारी पडला, पण उठला. आसपासच्या पोव्हाटन लोकांशी मक्याचा व्यापार करायला तोच जायचा. डिसेंबर १६०७ मध्ये तो त्यांच्या हाती सापडला. प्रमुखाची अकरा-बारा वर्षांची मुलगी पोकाहोंटास हिने आपले डोके त्याच्या डोक्यावर ठेवून त्याचा जीव वाचवला, ही प्रसिद्ध कथा त्याने सविस्तर सांगितली ती १६२४ च्या ग्रंथात, म्हणजे घटनेनंतर सुमारे सतरा वर्षांनी. तोवर पोकाहोंटास इंग्लंडमध्ये मरण पावली होती. ती घटना खरी की नाट्यमय केलेली, की पाहुण्याला टोळीत सामावून घेण्याचा तो विधी होता, यावर अजून वाद आहे.

सप्टेंबर १६०८ मध्ये स्मिथ वसाहतीचा अध्यक्ष झाला. जो काम करणार नाही त्याला जेवण नाही, हा नियम त्याने सरदार-घराण्यातल्या लोकांनाही लावला. गढीत गोड्या पाण्याची विहीर खोदून घेतली. साठवलेला मका उंदरांनी फस्त केला, तेव्हा एकाच जागी उपाशी बसण्यापेक्षा त्याने लोकांना तुकड्या करून कालवे आणि मासे मिळतील अशा ठिकाणी पाठवले. त्याच्या कारभाराच्या वर्षात मरणारांची संख्या आधीच्या आणि नंतरच्या काळाच्या मानाने पुष्कळच कमी राहिली. औषध काहीच नवे नव्हते. फरक पाण्याचा, अन्नाचा आणि शिस्तीचा होता.

मनगटात काटा आणि खोदलेली कबर

१६०८ च्या उन्हाळ्यात स्मिथ चौदा-पंधरा माणसे घेऊन उघड्या होडीतून चेसापीक उपसागराचा नकाशा काढायला निघाला होता. रॅपहॅनॉक नदीच्या मुखाशी उथळ पाण्यात मासे दिसले. जाळे नव्हते, म्हणून ही मंडळी तलवारीच्या टोकानेच मासे टोचू लागली. स्मिथने एक वेगळाच मासा उचलला. चपटे अंग, चाबकासारखी शेपटी आणि शेपटीवर करवतीसारखा काटा. तो मासा म्हणजे आपल्याकडे कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याच गोतातला. काटा स्मिथच्या मनगटात खोल रुतला.

रक्त फारसे आले नाही, पण वेदना असह्य होत्या. काही तासांत हात, दंड, खांदा सुजला. हा आता जगत नाही, असे सोबत्यांना वाटले. स्मिथलाही तसेच वाटले असावे, कारण जवळच्या बेटावर त्याने दाखवलेल्या जागी त्याची कबर खोदून तयार झाली. सोबत वॉल्टर रसेल नावाचे वैद्य होते. त्यांनी जखमेत सळई घालून तेल लावले. रात्रीपर्यंत वेदना ओसरल्या आणि स्मिथने तोच मासा जेवणात खाल्ला. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट म्हणतात.

तेलाने गुण आला का? सांगता येत नाही. पाकटाच्या काट्यातले विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने निकामी होते. म्हणून जखम स्वच्छ करून सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश सेल्सिअसला, हात-पाय बुडवून ठेवणे हा आजचा प्रथमोपचार आहे. त्यानंतर डॉक्टरांकडे जाऊन काटा आत राहिला नाही ना ते पाहावे लागते. बहुतेक वेळा वेदना काही तासांनी आपोआपही उतरते. उपचाराच्या सुमारास बरे वाटले म्हणजे उपचारानेच बरे वाटले, असे नसते. घरगुती औषधांबाबत ही गोष्ट कायम लक्षात ठेवावी लागते आणि विषवेलीच्या बाबतीत तर फारच.

पुढच्या वर्षी, १६०९ च्या शरदात, होडीत झोपलेल्या स्मिथच्या अंगाजवळ दारूच्या पिशवीने पेट घेतला. मांडी आणि कमरेजवळचे मांस भाजून निघाले. आग विझवायला त्याने नदीत उडी घेतली आणि बुडता बुडता वाचला. भाजल्यावर गार वाहत्या पाण्याखाली भाग धरणे हा आजचाही पहिला नियम आहे, पण इतक्या मोठ्या जखमेवर पुढचे उपचार करायला वसाहतीत कुणी नव्हते. ऑक्टोबरात त्याला जहाजात घालून इंग्लंडला पाठवले. व्हर्जिनियाची भूमी त्याने पुन्हा पाहिली नाही. तो गेला त्याच हिवाळ्यात जेम्सटाउनने इतिहासातली सर्वांत भीषण उपासमार सोसली आणि वसंतात तिथे साठेक माणसेच उरली.

लेखणीचे दिवस

पस्तिशीच्या आसपास स्मिथ १६१४ मध्ये पुन्हा समुद्रावर गेला. या वेळी उत्तरेकडे, आजच्या मेन आणि मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला. त्याने नकाशा काढला आणि त्या मुलखाला न्यू इंग्लंड हे नाव दिले. १६१५ मध्ये पुन्हा निघाला, तर फ्रेंच चाच्यांनी पकडले. कैदेत असताना त्याने लिखाण केले आणि सुटका करून परतला. नंतरच्या मोहिमांसाठी कुणी पैसे दिले नाहीत. उरलेली वर्षे लंडनमध्ये, कागदावर, गेली.

१६२४ चा ग्रंथ हा या वर्षांचा मोठा ठेवा. त्यात स्मिथने स्वतः पाहिलेले आहे, तसेच इतरांच्या वृत्तान्तांतून घेतलेलेही आहे. विषवेलीचे वर्णन येते ते बर्म्युडा बेटांच्या भागात आणि बर्म्युडाला स्मिथ स्वतः गेलेला नव्हता. १६०९ मध्ये व्हर्जिनियाला मदत घेऊन जाणारे सी व्हेंचर जहाज वादळात बर्म्युडाच्या खडकांवर आदळले. त्यावरच्या सुमारे दीडशे लोकांनी तिथे जवळपास दहा महिने काढले आणि पुढे त्या बेटांवर इंग्रजांची वसाहत झाली. तिथल्या लोकांचे अनुभव स्मिथने ग्रंथात ओवले.

वर्णन मोजक्या शब्दांत आहे. त्याचा आशय असा, की ही वनस्पती आकाराने इंग्लंडातल्या आयव्हीसारखी दिसते, नुसता स्पर्श झाला तरी आधी लाली, मग खाज आणि शेवटी फोड येतात, काही काळाने ते आपोआप जातात आणि मागे अपाय राहत नाही. थोडा वेळ दुखते म्हणून तिला वाईट नाव पडले, एरवी ती स्वभावाने दुष्ट नाही, असा निर्वाळाही तिथे आहे.

चारशे वर्षांपूर्वीच्या मानाने हे वर्णन चकित करण्याइतके नेमके आहे. लक्षणांचा क्रम बरोबर आहे. रोग आपला आपण ओसरतो, हेही बहुतेक रुग्णांच्या बाबतीत खरे आहे. पण आयव्हीशी तुलना दिशाभूल करणारी निघाली. इंग्लंडातली आयव्ही वेगळ्याच कुळातली, सदाहरित वेल आहे. तुलनेतले नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. स्वभावाने दुष्ट नाही हा निर्वाळाही अर्धाच खरा ठरला. ते का, हे कळायला रसायनशास्त्र आणि रोगप्रतिकारशास्त्र जन्माला यावे लागले.

आंबा, काजू, बिब्बा यांची भावकी

१७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा ही वेलही त्याच्या यादीत आली. आज ती टॉक्सिकोडेंड्रॉन या गणात मोडते. तिचे कूळ आपल्या फार ओळखीचे आहे. आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा ही सारी त्याच कुळातली झाडे. जपानमध्ये लाखेसारखा चमकदार थर द्यायला वापरतात त्या उरुशी झाडाचाही याच गोतात समावेश होतो. त्या झाडाच्या चिकातला दाहक पदार्थ म्हणजे उरुशिओल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिको माजिमा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने त्याची रचना उलगडली. तसेच तेल पॉयझन आयव्हीच्या पानांत, खोडात आणि मुळांत असते.

म्हणून आपल्याकडे बिब्बा उततो, आंब्याच्या चिकाने ओठांभोवती फोड येतात, ओले काजूगर सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची साले निघतात. कारण जवळपास एकच. मराठीत चांगल्या कामात बिब्बा घालणे म्हणतात, ते या फळाच्या गुणाला धरूनच. पूर्वी धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने काळी खूण करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना कपड्यांवरच्या या खुणांखाली खाजरे चट्टे उठले, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी त्यावर लिहिले. पॉयझन आयव्हीने ज्यांची कातडी आधीच चिडलेली होती, त्यांना बिब्ब्याचाही त्रास होऊ शकतो. उलटही खरे आहे. बिब्बा किंवा आंब्याचा चीक ज्यांना सोसत नाही, त्यांनी अमेरिकेत या वेलीपासून जास्तच जपून राहावे.

उरुशिओल हे तिखटासारखे थेट भाजत नाही. ते कातडीत काही मिनिटांत मुरते आणि तिथल्या प्रथिनांना चिकटते. मग शरीराच्या संरक्षक टी-पेशींना ती प्रथिने परकी वाटतात आणि त्या हल्ला करतात. लाली, सूज, फोड हे सारे त्या हल्ल्याचे परिणाम. हल्ल्याची तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून पुरळ सहसा १२ ते ४८ तासांनी उठते. अगदी पहिल्यांदाच संपर्क आला असेल तर काहीच होत नाही किंवा दोन-तीन आठवड्यांनी होते. खाजकुहिलीची कुसे लागताच खाज सुटते. इथे तसे नाही. त्यामुळे मी परवाच बाग साफ केली, तेव्हा काही झाले नाही, हा दिलासा खोटा असतो.

घरी काय करावे

सर्वांत मोठा उपाय पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतला आहे. वेलीला हात लागल्याची शंका आली की लगेच साबण आणि भरपूर वाहत्या गार किंवा कोमट पाण्याने धुवा. हे तेल आहे, म्हणून भांडी घासायचा साबणही चालतो. नुसते पाणी ओतून भागत नाही. मऊ फडक्याने हलके चोळून, खळबळून, पुन्हा धुवावे लागते. नखांखाली, बोटांच्या बेचक्यांत विशेष लक्ष द्या. उशीर झाला तरी धुवाच, कारण वर उरलेले तेल निघते आणि ते दुसरीकडे लागत नाही. त्या आधी तेल किंवा मलम चोळू नका, नाहीतर चीक पसरतो.

मग कपडे, बूट, बुटांच्या नाड्या, हातमोजे, खुरपे, कात्री आणि कुत्र्याची लव. उरुशिओल अवजारांवर कित्येक महिने टिकते. पुरळ पुन्हा पुन्हा येण्यामागे बहुधा न धुतलेली कात्री किंवा घरचे कुत्रे असते.

पुरळ उठल्यावर गार पाण्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून अनेकदा ठेवा. कॅलामाइन लोशन लावा. बारीक दळलेल्या ओटच्या पिठाच्या गार पाण्यात अंघोळ केल्यानेही खाज कमी होते. थोड्या जागेवरच्या सौम्य पुरळाला एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनचे मलम सुरुवातीच्या काही दिवसांत चालते, डोळ्यांपाशी मात्र नाही. पाकटाच्या विषाला गरम पाणी चालते, इथे नाही. कडक पाण्याने खाज क्षणभर थांबल्यासारखी वाटते, पण कातडी आणखी चिडते.

फोड फोडू नका. फुटलाच तर वरची कातडी तशीच राहू द्या, ती जखमेचे पांघरूण असते. नखे कापून ठेवा. फोडांतल्या पाण्यात उरुशिओल नसते, म्हणून ते पाणी लागून पुरळ पसरत नाही आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला होत नाही. आज हातावर, उद्या पोटावर असे दिसते ते कातडीची जाडी आणि लागलेल्या तेलाचे प्रमाण वेगवेगळे असल्यामुळे.

ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळीने रात्री झोप लागायला मदत होते. मूळ पुरळावर तिचा परिणाम फारसा नाही. वयस्क मंडळींनी, विशेषतः प्रोस्टेट किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ॲलर्जीची किंवा बधिर करणारी मलमे कातडीवर लावू नका, त्यांचीच वेगळी ॲलर्जी होऊ शकते. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून कडक स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या ट्यूब सहज मिळतात. त्या स्वतःच्या मनाने लावणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत ज्वेलवीड नावाच्या वनस्पतीचा रस लावण्याची जुनी पद्धत आहे. ती आपल्या तेरड्याच्या गणातली. तपासून पाहिले तेव्हा ती साध्या साबणापेक्षा सरस ठरली नाही. बिब्बा उतल्यावर आपल्याकडे खोबरेल लावतात. धुऊन झाल्यावर कोरड्या पडलेल्या कातडीला त्याने बरे वाटते, पण चीक निघण्यापूर्वी ते लावू नये.

साधारण एक ते तीन आठवड्यांत हे सारे आपोआप ओसरते. स्मिथच्या ग्रंथातले निरीक्षण इथे खरे ठरते.

डॉक्टरांकडे कधी

चेहरा सुजला, डोळे मिटू लागले, तोंडात किंवा गुप्तांगावर पुरळ आले, अंगाचा मोठा भाग व्यापला, ताप आला, फोडांत पू झाला किंवा तीन आठवड्यांनीही उतार पडला नाही, तर घरगुती उपायांवर थांबू नका. अशा वेळी डॉक्टर पोटातून स्टेरॉइड देतात आणि ते दोन ते तीन आठवडे हळूहळू कमी करत न्यावे लागते. चार-पाच दिवसांनी बरे वाटले म्हणून मध्येच थांबवले, तर पुरळ उसळून परत येते.

सर्वांत मोठा धोका धुराचा. उपटलेली वेल पालापाचोळ्यात घालून पेटवली, की तेल धुराबरोबर उडते आणि नाका-घशात, फुप्फुसांत जाते. श्वास घ्यायला त्रास झाला तर तत्काळ रुग्णालय गाठा. ही वेल कधीही जाळू नये. वाळलेल्या वेलीतही आणि हिवाळ्यात पाने झडलेल्या खोडातही तेल असते. झाडाच्या बुंध्यावर केसाळ दोरासारखी चढलेली वेल दिसली तर ती हीच असण्याची शक्यता मोठी. काढायचीच असेल तर लांब बाह्यांचे कपडे, जाड प्लास्टिकचे हातमोजे वापरा आणि नंतर ते सगळे धुवा. आजी-आजोबा मुलांकडे जाणार असतील, तर विमानात बसण्याआधीच त्यांना तीन पानांची ही खूण सांगून ठेवा. पळसाला पाने तीन म्हणतात, तशी हिलाही तीनच.

जॉन स्मिथ २१ जून १६३१ रोजी लंडनमध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी वारला. लग्न केले नव्हते, संपत्ती फारशी नव्हती. सेंट सेपल्कर चर्चमध्ये त्याला पुरले. चेसापीकच्या काठावर त्याच्यासाठी खोदलेली कबर रिकामीच राहिली होती. त्याच्या शौर्यकथांवर आजही शंका घेतल्या जातात. पण परक्या मुलखातल्या एका क्षुल्लक वेलीने माणसाला काय होते, हे त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकून नीट क्रमाने लिहून ठेवले आणि ती नोंद चार शतके टिकली. नव्या जागी गेल्यावर तिथल्या लोकांना विचारून घ्यावे, हा त्या नोंदीचा धडा आजही लागू आहे. अमेरिकेतली नवी बाग साफ करण्यापूर्वी शेजाऱ्याला विचारा आणि हात धुवायला साबण जवळ ठेवा.